माइंड म्हणजे मन

नाटक कंपनीच्या शिवणखोलीत मावशी एकतीस वर्षं बेतत-शिवत होत्या. खरं नाव कुणाला आठवत नसे. त्यांचा सगळा जीव भिंतीतल्या कपाटात. अंगरखे, डगले, झगे, सगळ्यांची खाकी कागदाची, कापड बेतायची कटिंगं तिथे घड्या घालून ठेवलेली, वर त्यांच्या अक्षरात मापं.

नवा व्यवस्थापक परदेशातून आलेला. त्याला मराठीचा गंध नव्हता आणि मावशींचं इंग्रजी इंचापुरतं. शुक्रवारी त्यानं कपाटाकडे बोट दाखवून, सगळं उपसल्याची खूण करत मोठ्या नम्रपणे काही विचारलं. त्यातलं ‘माइंड’ तेवढं मावशींनी पकडलं. माइंड म्हणजे मन, हे शाळेत घोकलेलं. कपाट रिकामं करायचं तुमच्या मनात आहे का, असंच विचारतोय गडी. त्यांनी दोन्ही हात हलवून सांगितलं, “नो, नो.” तो हसला आणि आभार मानून गेला. भला माणूस, निदान विचारतो तरी, असं त्यांनी घरी भाचीला कौतुकानं सांगितलं.

सोमवारी कपाटाची दारं सताड उघडी होती. मावशींनी वरचा कप्पा चाचपला, मग खालचा, मग पुन्हा वरचा. झाडूवाला म्हणाला, कागद शनिवारीच लगद्याच्या कारखान्यात गेला. कुणीतरी मावशींना पाणी दिलं, ते हातात तसंच राहिलं.

निरोप मिळताच भाची आली. आधी व्यवस्थापकाशी बोलली, आणि तिचाच चेहरा उतरला.

“मावशी, त्यानं विचारलं होतं, तुमची हरकत आहे का? आणि तू नाही म्हणालीस.”

“अगं, माइंड म्हणजे मन ना?”

“इथे हरकत.”

मावशी म्हणाल्या, “मी माझ्याच तोंडानं नेऊ दिलं.”

व्यवस्थापक पांढराफटक पडला. त्यानं कारखान्याला फोन लावला. तिथे सगळं केव्हाच भिजत पडलं होतं. तो माफी मागायला आला, तर मावशींना त्याच्यावर रागावताही येईना.

तीन दिवस त्या फिरकल्या नाहीत. चौथ्या दिवशी आल्या, पेटारा उघडला आणि एकेक जुना पोशाख उसवून त्याचे भाग कागदावर गिरवायला बसल्या. कागद धरायला व्यवस्थापक. निम्मी कटिंगं अशी मिळाली. उरलेल्यांचे कपडेच शिल्लक नव्हते. ती त्यांनी आठवून आठवून कापली. खांदा चुकला की नवा कागद अंथरत.