अठरा वर्षांचा धम्मानंद

धुरपताबाई माझ्याकडे आल्या त्या २००५च्या जूनमध्ये, बारावीचा निकाल लागल्यानंतरच्या आठवड्यात. त्यांची मुलगी मनिषा भूकंपग्रस्तांच्या कोट्यातून नांदेडला कारकून झाली होती. तिने दोन खोल्यांचं घर बांधलं होतं आणि नव्या भिंतीवर लावायला धुरपताबाईंना घरच्या चौघांचा एक फोटो हवा होता. चौघांपैकी दोघे, मनिषाचे वडील व्यंकटी आणि भाऊ धम्मानंद, त्र्याण्णवच्या भूकंपात गेलेले.

मी त्यांच्या गावच्या शाळेत अकरा वर्षं होते. पहिलीचा वर्ग माझ्याकडे होता, आणि हात बरा म्हणून चित्रकलाही. भूकंपाच्या रात्री, अनंत चतुर्दशीसाठी औशाला घरी आले होते, म्हणून वाचले. पुढे निवृत्त झाले आणि लातूरला घर केलं. वरच्या खोल्यांत क्लासच्या मुली राहतात. भाचा यज्ञेश पुण्याला गेला तेव्हा त्याचा कम्प्युटर माझ्याकडे सोडून गेला. फोटो कापायचं, जोडायचं एक साधं सॉफ्टवेअर त्यावर होतं. वरच्या खोलीतल्या चाकूरच्या वैष्णवीने मला ते शिकवलं.

गावातल्या गेलेल्यांचे फोटो क्वचितच कुणाकडे असतील. लग्नात एखादा निघायचा, तोही घराबरोबर मातीत गेला. वाचलेल्यांचे मात्र सरकारी नोंदीसाठी पत्र्याच्या शेडसमोर उभं करून काढले, हातात नंबराची पाटी देऊन. धुरपताबाईंना तसला फोटो नको होता. त्यांनी आपला आणि मनिषाचा, दोन्ही नवे रंगीत फोटो आणले होते.

"बाई, मनिषाचे बाबा तुमच्या ध्यानात हायत का?"

"आहेत."

खरंच होते. धम्मानंदला खांद्यावर बसवून ते शाळेत आणायचे आणि दारात वाकून उतरवायचे. मी कागदावर त्यांचा चेहरा काढायला घेतला. धुरपताबाई शेजारी बसून सांगत होत्या. कान मोठे. मिशी एका बाजूला जास्त. मी खोडत गेले, काढत गेले. दुपारी त्या म्हणाल्या, "बास. आता हात लावू नगा."

धम्मानंदला काढायला वेळ लागला नाही. सहा वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेले, केसांना तेल. दोन्ही चित्रं कोपऱ्यावरच्या दुकानात स्कॅन करून आणली आणि पडद्यावर चौघांना शेजारी बसवलं. मायलेकी रंगीत, बापलेक पेन्सिलीचे.

धुरपताबाईंनी चष्मा लावला.

"मालक तरणे अन् मी म्हातारी. राहू द्या, त्यास्नी बरं वाटंल." मग त्यांनी धम्मानंदवर बोट ठेवलं. "ह्यो मनिषाचा पोरगा वाटायलाय."

"तो एवढाच होता."

"होता की. मनिषा वाढली, मी वाढले. त्यानंच का ऱ्हावं मागं? आज अठराचा असता."

अठरा वर्षांचा धम्मानंद मी पाहिलेला नव्हता. तसं त्यांना सांगितलं. पलंगावर निकालाच्या दिवशीचं वर्तमानपत्र पडलं होतं. पानभर क्लासची जाहिरात, तिकिटाएवढे दीड-दोनशे चेहरे, प्रत्येकाखाली टक्के. मी चहा टाकायला गेले. परत आले तेव्हा त्या चौथ्या ओळीतल्या एका मुलावर बोट दाबून बसल्या होत्या.

"असा दिसला असता. कान बघा."

कान मोठे होते खरे.

वर्तमानपत्रातला चेहरा मोठा केला की त्याचे नुसते ठिपके होतात. पण या सॉफ्टवेअरमध्ये फोटोची पेन्सिल करायची सोय आहे. एक बटण दाबलं की ठिपके जाऊन रेघा येतात. मी दाबलं. मग व्यंकटींच्या भुवया थोड्या उचलून त्याला दिल्या. बापलेक शोभत होते.

वैष्णवी पाणी भरायला खाली आली आणि पडद्यासमोर थांबली.

"आजी, हा आलोक आहे. माझ्या मोठ्या बहिणीच्या बॅचचा. याला कशाला मेलेल्यांत बसवलंत? हार घालतील ना त्याला."

जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत हे मला तिने शिकवायची गरज नव्हती. बटण दाबताना ते सुचलं नाही, एवढंच. मी धुरपताबाईंकडे वळले. "हे लेकरू कुणाचं तरी आहे. याला हार पडता कामा नये."

"हार कशाला?" त्या म्हणाल्या. "मालकांना घालीन. ह्यो जिताच हाय की."

मग फोटो मी दुसऱ्या दिवशी तसाच छापून दिला.

महिन्याभरात मनिषाचा फोन आला. ती कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही.

"बाई, आई आल्यागेल्याला सांगते, मुलगा लातूरला शिकतो म्हणून. शेजारच्या नागम्मा देगलूरच्या आहेत, त्यांना आमचं काही ठाऊक नाही. त्यांना मुलाला तिकडे क्लासला पाठवायचंय. रोज धम्मूच्या खोलीचा पत्ता मागतात. तुम्ही सहा वर्षांचा बसवून दुसरा फोटो करा. मी बदलून टाकते. आईला कळू दे एकदा."

पहिली जोडणी कम्प्युटरवर होतीच. मी ती छापली, गुंडाळी पिशवीत घातली आणि नांदेडची बस धरली.

घर नीटनेटकं होतं. फोटो समोरच्या भिंतीवर, व्यंकटींवर झेंडूचा हार, तो शेजारच्या धम्मानंदच्या खांद्यावर जाऊ नये म्हणून दोऱ्याने आखडून बांधलेला. मनिषाने माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेली. मी धुरपताबाईंजवळ बसले. कसं सांगायचं ते बसमध्ये जुळवलेलं होतं. तेवढ्यात नागम्मा आल्या.

"ह्या लातूरच्या बाई का? बरं झालं. ह्यांचा धम्मानंद कुठल्या खोलीवर राहतो ते तुम्ही तरी सांगा. ह्या नुस्तं लातूर लातूर म्हणून राहिल्या. माझ्या विरूपाक्षला नवीन गावात कुणी ओळखीचं नको का?"

धुरपताबाई माझ्याकडे पाहत नव्हत्या. साडीचा पदर मांडीवर घेऊन त्याची घडी घालत होत्या, मोडत होत्या.

"बाईला इचारा," त्या म्हणाल्या. "त्याची पयली शाळा बाईकडंच झाली."

मनिषा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हातात गाळणी होती.

"त्याच्या खोलीत जागा नाही," मी म्हणाले. "विरूपाक्षला माझ्याकडे आणा. माझ्याकडे मुली असतात, पण गल्लीत ओळखीची घरं आहेत. मी स्वतः खोली बघून देते."

"अभ्यासाला कसा हाय हो धम्मानंद?"

"हुशार आहे. पहिलीत त्याला पाढे सगळ्यांच्या आधी यायचे."

हे खरं होतं. धुरपताबाईंनी पदर सोडला आणि नागम्मांना सरकून बसायला जागा केली.

मनिषाने चहा आणला. मला देताना कप बशीवर जरा जोरात ठेवला. नागम्मा गेल्यावर ती म्हणाली, "बाई, पुढच्या वर्षी विचारतील, कुठे लागला म्हणून."

"मेडिकलला," धुरपताबाई म्हणाल्या.

मनिषा आईकडे बघत राहिली, मग रिकामे कप उचलून आत गेली. मी चारच्या बसने निघाले. गुंडाळी पिशवीतून काढली नव्हती.