गारा कुणी पाडल्या?

म्हातारी अंगणात शेळीची धार काढत बसली होती. तेवढ्यात गिरणीवाला दहा-बारा माणसं घेऊन आत घुसला. शेजारी म्हणून मीही त्यांच्यात होतो. शेळी बिचकली, भांडं लवंडलं.

"पाच घरांच्या शेळ्या दोन दिवसांत मेल्या," गिरणीवाला गरजला. "तुझ्या तिन्ही ठणठणीत! म्हणजे तूच काहीतरी चारलंस. आजच्या आज गाव सोड."

म्हातारीला सगळे मुकी म्हणायचे. मुकी कसली! नवरा गेला, लेक लांब नांदायला गेली, बोलायला कुणी उरलं नाही, एवढंच. तिनं सावकाश हात पुसले.

"गेल्या साली गारा पडल्या, आठवतं? सगळ्यांची पिकं आडवी झाली, तुझं तेवढं उभं राहिलं. मग गारा तूच पाडल्यास काय रे?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"ते वेगळं!"

"वेगळं कसं? ज्याचं वाचलं तो गुन्हेगार, असंच म्हणतोयस ना? मग आधी तुला हाकलायला हवं होतं." म्हातारीचा आवाज चढला. "माझ्या का वाचल्या, हे विचारलंस का एकदा तरी? गुडघा धरलाय माझा. दोन महिने तळ्यावर गेले नाही. शेळ्या इथंच आडाचं पाणी पितात, बादलीत. तुमच्या कुठं पितात?"

घोळक्यातला गुराखी चाचरत म्हणाला, "तळ्यावर. परवा तिथं औषध फवारायचा पंप धुतला होता..." आणि गिरणीवाल्याकडं बघून त्यानं जीभ चावली.

गिरणीवाल्याचा चेहरा उतरला. "मला काय ठाऊक, एवढ्यानं..."

"अरे पळा! उरलेली जनावरं तिकडंच आहेत!" घोळक्यातून कुणीतरी ओरडलं.

क्षणात अंगण मोकळं झालं.

"बसा की जरा, पाणी तरी प्या," म्हातारी मागून म्हणाली. कुणी वळलं नाही. मीही नाही.

तळ्याला काट्याचं कुंपण पडलं, उरलेल्या शेळ्या वाचल्या. म्हातारीला गाव सोड म्हणायला पुन्हा कुणी आलं नाही. म्हणजे कुणीच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कुडापलीकडून तिचा आवाज ऐकू आला. शेळीला पाला घालता घालता सांगत होती, "अजून एक मुद्दा होता गं माझ्याकडं. चांगला होता. पण थांबलेच नाहीत मेले."

शेळी पाला खात राहिली. मी कुडाशी उभा होतो. कोणता मुद्दा, एवढं विचारायलाही माझं तोंड उघडलं नाही.