बर्फाच्या पेटीतली बाटली

त्याला सगळे बर्फ्या म्हणत. उमेदीच्या वयात तो बर्फाच्या कारखान्यात होता, पुढे फ्रीज दुरुस्त करू लागला. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. एकटी बायको तेवढी त्याला 'अहो' म्हणायची, आणि तेही बहुतेक वेळा काहीतरी थांबवायला.

लेकीनं दूरच्या शहरात घर घेतलं होतं. बघायला या, बघायला या म्हणून ती कधीची मागे लागली होती. प्रवास दिवसभराचा, बसचा, तोही ऐन उन्हाळ्यात. बायकोला इन्सुलिन लागायचं, जेवणाआधी नेमानं. आजवर लहानसहान प्रवासात ती आपली बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून पर्समध्ये टाकायची आणि कुणाला पत्ता लागू द्यायची नाही. या खेपेला मात्र बर्फ्यानं ते मनावर घेतलं.

"आयुष्यभर लोकांची दूध-भाजी गार ठेवली," तो म्हणाला, "आणि घरच्या माणसाचं औषध फडक्यात?"

"फडक्यात काही बिघडलं नाही अजून."

"अगं, ऊन बघ बाहेर. डांबर वितळतंय."

त्यानं पत्र्याची पेटी घेतली, आतून थर्माकोल ठोकून बसवला, झाकणाला जुन्या फ्रीजच्या दाराचं रबर लावलं. निघायच्या सकाळी तीत बर्फ भरला आणि बर्फावर मूठमूठ मीठ टाकलं. कारखान्यातली ही युक्ती. मिठानं बर्फ आणखी गार होतो, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. इन्सुलिनच्या दोन बाटल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यानं बरोबर मधोमध खोचल्या. बायको दारात उभी राहून बघत होती. तिला काहीतरी म्हणायचं होतं. पण नवरा इतक्या दिवसांनी शीळ घालत काम करत होता, म्हणून तिनं शब्द गिळला.

बसमध्ये बायको खिडकीशी बसली, तो मधल्या वाटेच्या बाजूला, पेटी मांडीवर. शेजारच्या ओळीत एक जाडजूड, घामाघूम गृहस्थ होता. जनावरांचा डॉक्टर, पुढच्या गावी गोठे तपासायला निघालेला. गप्पा निघाल्या. बायकोचा डोळा लागला होता. डॉक्टरनं पेटीकडे बोट केलं.

"काय, मासे नेताय काय?"

बर्फ्या याच प्रश्नाची वाट बघत होता. त्यानं पेटीचा इतिहास सांगितला, रबराचा सांगितला, मिठाचा सांगितला. मग, बोलून काय उपयोग, दाखवलंच पाहिजे, म्हणून झाकण उघडलं आणि पिशवीतून बाटली काढून डॉक्टरच्या हातावर ठेवली.

डॉक्टरनं ती उजेडात धरली. तिरकी केली. आतलं काही हललं नाही.

"गोठलंय हो हे."

"गारच ठेवायचं असतं ना?"

"गार वेगळं, गोठलेलं वेगळं." डॉक्टरनं आवाज खाली आणला. "आमच्याकडे काही लसी अशा गोठल्या की फेकून देतो आम्ही. परत पातळ होतात, दिसायला जशाच्या तशा. पण गुण गेलेला असतो. अर्थात मी जनावरांचा डॉक्टर. तुम्ही कुणाला तरी विचारून घ्या."

त्याचं गाव आलं. पिशव्या सांभाळत तो उतरला, आणि उतरता उतरता वळून पुन्हा म्हणाला, "विचारा मात्र नक्की."

बर्फ्यानं दुसरी बाटली पाहिली. तीही दगड झालेली. त्यानं दोन्ही बाटल्या मुठीत घेतल्या आणि मूठ शर्टाच्या आत, काखेशी धरली. थंडीनं बोटं बधिर झाली. थोड्या वेळानं पाहिलं, तर दोन्ही बाटल्यांत औषध पाण्यासारखं नितळ झालं होतं. काही कण नाही, काही नाही. दुकानातून आणलं तेव्हाही असंच दिसत होतं. गुरांच्या औषधाचा नियम माणसाला कशाला लागू व्हायला हवा, असं त्यानं मनाला समजावलं. मन जवळजवळ समजलंही. बाटल्या त्यानं पेटीत, बर्फापासून दूर, कडेला ठेवल्या आणि झाकण लावलं.

बायको जागी झाली. "कुणाशी बोलत होतात?"

"होता एक. उतरला."

"बर्फ आहे का अजून?"

"आहे की. चिक्कार आहे."

मग ती लेकीच्या घरच्या पडद्यांबद्दल बोलू लागली. लेकीला निळे हवे होते. हिला वाटत होतं, निळ्यानं खोली अंधारी होईल. बर्फ्या हो ला हो करत राहिला. एरवी पडद्यांच्या गोष्टी निघाल्या की त्याला जांभया यायच्या. आज त्यानं स्वतःहून विचारलं, "आणि झालर?"

दुपारी बस रस्त्यालगतच्या एका खानावळीपाशी थांबली. आत पंखे होते, फरशी नुकतीच पुसलेली होती. ताटं मागवली. बायकोनं पर्समधून सिरिंज काढली, कापूस काढला आणि हात पुढे केला. त्यानं पेटी उघडून बाटली दिली. तिनं ती उजेडात धरून पाहिली, रोजच्यासारखी. मान हलवली. बाटलीचं रबर पुसलं, सुई आत खुपसली, औषध ओढून घेतलं आणि साडीचा काठ पोटावरून जरा सरकवला.

"थांब," बर्फ्या म्हणाला.

"काय झालं?"

"ते गोठलं होतं."

तिची सुई तशीच हातात राहिली.

"गोठलं होतं म्हणजे?"

"दगड झालं होतं. मी हातात धरून पातळ केलं. दोन्ही बाटल्या."

तिनं सुईला टोपण लावलं, कापूस पुन्हा पर्समध्ये ठेवला, ताट बाजूला सारलं. मग विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

"मघाशी."

"मघाशी म्हणजे कधी?"

"तो उतरला ना, जनावरांचा डॉक्टर. तो म्हणाला, गुण जातो."

"म्हणजे आपण पडद्यांबद्दल बोलत होतो, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"झालरीचं विचारत होतात तेव्हाही."

तिनं आरडाओरडा केला असता तर त्याला बरं वाटलं असतं. शेजारच्या टेबलावरचे लोक बघतील म्हणून तिनं आवाज दाबलाय, असंही नव्हतं. तिच्या आवाजात चढ-उतारच नव्हता.

"मला वाटलं, दिसतंय तर चांगलं..."

"तुम्हाला वाटलं," ती म्हणाली आणि उठली.

पुढचं सगळं तिनंच केलं. गल्ल्यावरच्या माणसाला विचारलं, औषधाचं दुकान कुठे आहे. तो म्हणाला, आडरस्त्यानं आत गेलं की गाव आहे, तिथे आहे; पण बस तिकडे जात नाही. कंडक्टर म्हणाला, आम्ही थांबू शकत नाही, उतारू ओरडतील. तिनं सामान उतरवायला सांगितलं. बस धूळ उडवत गेली आणि दोघं पिशव्यांच्या मध्ये उभे राहिले. खानावळीचा आचारी भाजी आणायला गावात निघाला होता. त्याच्या टेम्पोत पुढे एकच जागा होती. ती बायकोनं घेतली. बर्फ्या मागे, रिकाम्या क्रेटवर बसला, पेटी पायाशी घेऊन. खड्ड्याखड्ड्याला झाकण वाजत होतं. त्यानं ते दाबून धरलं आणि थोड्या वेळानं सोडून दिलं.

औषधाच्या दुकानात जाड भिंगाच्या चष्म्याची एक बाई होती. बायकोनं औषधाचं नाव सांगितलं, गोठून गेलेली बाटलीही दाखवली. बाईनं कपाळाला हात लावला नाही की उपदेश केला नाही; "ही घेऊ नका," एवढंच म्हणाली आणि फ्रीजमधून त्याच औषधाची नवी बाटली काढून दिली. आत बाकावर बसून बायकोनं सुई घेतली. आचाऱ्यानं खानावळीतून जेवण बांधून आणलं होतं, ते ती सावकाश जेवली. अर्धं तिनं त्याच्याकडे सरकवलं. त्याला भूक होती, पण घास उतरत नव्हता.

"नेणार कशात?" दुकानवालीनं विचारलं.

सवयीनं त्याचा हात पेटीकडे गेला. बायकोनं नुसतं पाहिलं. त्यानं हात मागे घेतला.

तिनं बाटली लहान पिशवीत घालून गाठ मारली, वर सुती पंचा गुंडाळला आणि तो नळाखाली भिजवून पिळला. "हवेवर धरायचं," ती म्हणाली, "आणि वाळलं की भिजवायचं." बर्फ्याला हसू आलं असतं, वेळ वेगळी असती तर. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, यावरच तर त्याचं पोट चाललं होतं. फक्त त्याच्या फ्रीजांत पाण्याऐवजी गॅस असायचा. हे त्याला कुणी विचारलं असतं तर त्यानं अर्धा तास समजावून सांगितलं असतं. घरात मात्र त्यानं तिच्या या युक्तीला फडकं म्हटलं होतं.

भाजी घेऊन परतताना आचाऱ्यानं दोघांना पुन्हा खानावळीपाशी सोडलं. पेटी बर्फ्यानं त्याला देऊन टाकली. आचारी खूश झाला, सरबताच्या बाटल्यांना होईल म्हणाला.

पुढची बस खचाखच भरलेली होती. बायकोला पुढे जागा मिळाली, त्याला मागे. तिनं पंच्याची पुरचुंडी खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यावर धरली होती. थोड्या थोड्या वेळानं तो पाण्याची बाटली घेऊन, लोकांच्या पायांवरून, माफी मागत पुढे जायचा, पंचा ओला करायचा आणि परत यायचा. एका म्हातारीनं त्याला झापलं, "अरे, एका जागी बस की!" तिसऱ्या-चौथ्या फेरीला मात्र तो पोचायच्या आधीच बायकोनं पुरचुंडी पुढे केली.

दिवेलागणीला ते लेकीच्या दारात पोचले. लेक काळजीनं अर्धी झाली होती. "फोन का नाही केलात? उशीर कशानं झाला?"

बायकोनं चपला काढल्या.

"मी आईचं इन्सुलिन गोठवलं," बर्फ्या म्हणाला.

लेक हसली. "बाबा, तुम्हीच?"

"आणि लपवून ठेवलं."

लेकीचं हसू ओसरलं. तिनं आईकडे पाहिलं. आई फ्रीजपाशी गेली होती. दारातल्या कप्प्यात हात घालून तिनं गारवा बघितला, बाटली ठेवली, आणि पाठमोरीच म्हणाली, "सांगितलं त्यांनी. उशिरा सांगितलं. पण सुई टोचायच्या आत सांगितलं."

मग ती खिडकी बघायला आतल्या खोलीत गेली. बर्फ्या दारातच उभा होता, एका पायातला बूट काढून आणि दुसरा तसाच ठेवून.

"या ना आत," लेक म्हणाली.

"येतो," तो म्हणाला आणि दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला खाली वाकला.