ह्योन

“घरची माणसं तेवढी या हां! बाकीचे बाजूला!” फोटोवाला काळ्या कापडात डोकं घालून आतूनच ओरडला.

मुलुंडच्या त्या अंगणातल्या मांडवात एकच गडबड उडाली. प्रोफेसर श्यामकांत आणि अनुपमावहिनी खुर्च्यांवर बसले, टोकाच्या खुर्चीवर त्यांची क्षमा, आजची नवरी. स्वयंपाकघरातून शेवंती हात पुसत बाहेर आली आणि सरळ क्षमाच्या खुर्चीलगत जाऊन उभी राहिली. का नाही राहणार? पोर पाळण्यात होती तेव्हापासून तीच तर वाढवत आली होती तिला!

“शेवंते, अगं जिलब्यांकडे कोण बघतंय?” वहिनी हसत म्हणाल्या. ते हसणं शेवंती चांगलं ओळखून होती.

“आचारी बघतत. ह्यो घरच्यांचो फोटो ना?”

“हो, म्हणूनच म्हणते.”

झालं! शेवंतीचं डोकंच फिरलं. “सायबांनीच सांगल्यानी ना, आपण सगळी ह्योन!”

पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. मागे एकदा साहेब चहा पिता पिता कसल्याशा जाड पुस्तकातून वाचून दाखवत होते. तिकडे बर्फाच्या मुलखात पूर्वी नवरा-बायकोला आणि घरच्या गड्या-मोलकरणींना मिळून एकच शब्द होता म्हणे, ह्योन. “म्हणजे मी आणि शेवंती एकच की काय?” वहिनी फणकारल्या होत्या. “त्यांच्यात, हो,” साहेब मोठ्या कौतुकाने म्हणाले होते. केर काढता काढता शेवंतीने तो शब्द ऐकला आणि पदराला गाठ मारावी तसा जपून ठेवला.

आता साहेबांनी मान खाली घातली. “अगं, ते पुस्तकातलं...”

“पुस्तकात काय खोटा लिवतत?” शेवंतीला रडू नाही आलं, संताप आला. तिने क्षमाच्या खांद्यावर हात ठेवला. “काढ रे फोटो! मी हलूची नाय.”

“काढा हो,” क्षमा म्हणाली.

फोटो दिवाणखान्यात लागला. चौकट लहान पडली म्हणून एक बाजू कापावी लागली, असं वहिनींचं म्हणणं. शेवंती रोज तो पुसायची.

एकदा शेजारच्या कुंदाताई चहाला आल्या. “अगंबाई, क्षमाच्या खांद्यावर हा हात कुणाचा?”

“असेल कुणाचा तरी,” वहिनी पुटपुटल्या.

शेवंतीने चहाचा ट्रे टेबलावर आदळला.

“माझो,” ती म्हणाली. आणि त्याच हाताने तिने कुंदाताईंसमोर कप ठेवला.