काळ्या रोपांची विरळणी

डागकाकांना खऱ्या नावानं हाक मारणारं गल्लीत आता कुणी उरलं नव्हतं. लॉण्ड्रीच्या पाटीवर त्यांचं आडनाव होतं, पण वाफेनं आणि वयानं तेही पुसट झालं होतं. शाईचा, गंजाचा, तेलाचा, लिपस्टिकचा, कसलाही डाग आणा, काका कापड उजेडात धरत, नखानं हलकेच खरवडत आणि म्हणत, "निघेल." आणि तो निघे. ज्यानं डाग पाडला त्यालाही मग शपथेवर सांगता येत नसे की नेमका कुठं पडला होता.

अशा माणसाच्या पोटी काजळी जन्माला यावी, याला काय म्हणायचं? साऱ्या गल्लीचे पांढरे शर्ट ज्याच्या हातून लखलखून बाहेर पडत, त्याची एकुलती एक लेक शाळा संपल्यापासून काळ्याखेरीज दुसरा रंग अंगाला लावत नव्हती. शर्ट काळा, बूट काळे, नखंसुद्धा काळी. 'काजळी' हे नाव तिला गल्लीतल्या पोरांनी चिडवायला ठेवलं होतं. तिला ते इतकं आवडलं की तिनं ते आपल्या खुरप्याच्या मुठीवर कोरून घेतलं. चिडवणाऱ्यांची तोंडं एवढीशी झाली.

गिऱ्हाइकं मात्र विचारत, "काका, घरात कुणी गेलं का हो?" काका हसत, आणि त्या गिऱ्हाइकाच्या कॉलरवर इस्त्री जरा जास्तच दाबली जाई. पोरीवर त्यांचा जीव होता. पण चार लोकांत ती समोरून आली की ते आधी लोकांच्या तोंडाकडे बघत आणि मग तिच्याकडे. ही खोड त्यांना माहीत होती आणि तिची लाजही वाटत होती. ती सुटत मात्र नव्हती.

काजळी बागा करायची. लोकांच्या गॅलऱ्या, गच्च्या, मागची अंगणं. या खेपेला तिला पहिलंच मोठं काम मिळालं होतं. गावाबाहेरचं एक जुनं दगडी घर विकत घेऊन एक बाई तिथं पाहुण्यांसाठी खोल्या काढत होती, आणि तिला पुढच्या अंगणात गॉथिक बाग हवी होती.

"गॉथिक म्हणजे काय गं?" आत्यानं विचारलं. आत्या म्हणजे काकांची थोरली बहीण. गल्ल्यावर बसायची, बटणं लावायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घ्यायची.

"लोखंडी फाटक, दगडावर चढलेला वेल, भरपूर सावली आणि गडद फुलं. जवळजवळ काळी."

"म्हणजे भुतांना राहायला बरं."

"भुतांनाच खोल्या भाड्यानं देणार आहे ती, आत्या. ती टॉवेल चोरत नाहीत."

बाईनं शब्द दिला होता की फुलं मनासारखी आली तर मागची बाग, गच्ची, सगळं काजळीलाच. आणि काजळीची सगळी भिस्त होती आपल्या बियाण्यावर. स्नॅपड्रॅगनचं फूल, दोन बोटांनी गाल दाबले की तोंड उघडणारं. चार वर्षं ती दर हंगामात सगळ्यांत गडद फुलांचं तेवढंच बी धरत आली होती. मधमाश्यांनी शेजारचा गुलाबी पराग आणून घोळ करू नये म्हणून फुलांना मलमलीच्या पिशव्या बांधायची. मलमल अर्थात बापाच्या दुकानातली. शेवटी शेवटी फूल असं आलं होतं की सावलीत काळं दिसायचं आणि उन्हात धरलं तर आत कुठंतरी द्राक्षाचा रंग हलायचा. पण बी अजून पुरतं स्थिर नव्हतं. काही रोपं काळी निघत, काही जुन्या वळणावर जाऊन गुलाबी.

पेरणी लॉण्ड्रीच्या मागच्या खोलीत झाली. तिथं बॉयलरची ऊब होती आणि मोठी खिडकी होती. धुळीएवढं बारीक बी तिनं ओल्या मातीवर नुसतं भुरभुरलं, वर माती घातली नाही, कारण त्याला उगवायला उजेड लागतो. रोपं मुंगीएवढी झाली तेव्हा तिला बाईकडे वाफे बांधायला जावं लागलं. गवंड्यांनी ठरलेलं काम लांबवलं, आणि एके सकाळी तिचा फोन आला.

"बाबा, मला यायला उशीर होईल. रोपांची दाटी झाली असेल. विरळणी आता नाही केली तर सगळीच जातील. ट्रेच्या एकेका घरात एकच ठेवा, बाकीची काढून टाका. कराल ना?"

"न करायला काय झालं? आयुष्यभर धागेच उपसतोय."

धागे उपसायचा चिमटा घेऊन ते बसले. रोपं दोन तऱ्हेची होती. काही हिरवीगार, टवटवीत. काही जराशी सडपातळ. देठ जांभळट आणि पानाची खालची बाजू शाई सांडल्यासारखी. काकांना ती आजारी वाटली. डाग दिसला की त्यांचा हात आपोआप तिकडे जायचाच. पहिला ट्रे झाला, स्वच्छ हिरवा. त्यांना बरं वाटलं.

दुसऱ्या ट्रेपाशी चिमटा थांबला. एवढी सगळी आजारी कशी? रोग असता तर पानं गळाली असती, देठ वाकले असते. हा रंग वरून लागलेला नव्हता, आतून आलेला होता, आणि आतून आलेला रंग कोणता हे डागकाकांना कुणी शिकवायची गरज नव्हती. काळं फूल लागायचं ते याच रोपांना.

फोन बाजूलाच होता. उचलून विचारता आलं असतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे भलतंच काही आलं: अंगणभर गुलाबी फुलं, वाहवा करणारी माणसं, आणि मधे आकाशी रंगाच्या ड्रेसमध्ये हसणारी त्यांची पोर. इतर बापांच्या पोरी हसतात तशी. चिमटा पुन्हा चालू झाला. उरलेले सगळे ट्रे त्यांनी न चुकता, फार नीट केले.

आत्या कचऱ्याची बादली न्यायला आली. "अरे, ही तर जिवंत आहेत की!"

"आजारी होती, ताई."

आत्यानं बादलीतली दोन-चार रोपं तळहातावर घेऊन पाहिली. "तुला पोरगीपण आजारीच वाटते," ती म्हणाली आणि बादली घेऊन गेली. काकांनी नळ सोडून उगाचच हात धुतले.

काजळी परतली तेव्हा रोपं बोटभर झाली होती. तिनं बापाच्या गळ्यात हातच टाकले. "काय वाढवलीत बाबा! तुमच्या हाताला गुण आहे." मग ती वाकली, एक रोप उजेडाकडे वळवून बघितलं, दुसरं बघितलं. "पण देठ सगळेच हिरवे कसे? गडद रोपाचा देठ लहानपणी जांभळट असतो." क्षणभर विचार करून तिनं स्वतःच उत्तर शोधलं. "बॉयलरच्या उबेनं असेल. फार ऊब मिळाली की रंग फिका राहतो कधी कधी."

आता तरी बोलायचं. पेरायला बी शिल्लक होतं, दिवस हातात होते.

"असेल," काका म्हणाले.

त्या एका शब्दानं त्यांची झोप उडाली. काजळीनं रोपं नेऊन दगडी घराच्या अंगणात लावली. रोज घरी आल्यावर ती वाढीच्या गोष्टी सांगे, आणि काकांचा घास तोंडात फिरत राही. ती आनंदात असली की त्यांना जास्त त्रास होई, हे त्याहून वाईट. "तोंड का असं, एरंडेल प्यायल्यासारखं?" आत्या विचारे. खाई त्याला खवखवे, पण हे तिला कोण सांगणार?

एक जादाचं रोप काजळीनं दुकानाच्या मागच्या पायरीवर कुंडीत ठेवलं होतं. उबेला राहून ते अंगणातल्यांच्या पुढे गेलं आणि त्याची पहिली कळी फुगली. हिरव्या टोपीखालून गुलाबी कड डोकावली. लहान बाळाच्या टोपड्याला असते तशी गोड, गुलाबी.

तेव्हाही ते तिच्याकडे गेले नाहीत. ते रंगाच्या कपाटाकडे गेले. विटलेल्या काळ्या पँटी पुन्हा रंगवून द्यायची पूड तिथं होती. चिमूटभर पूड पाण्यात कालवून त्यांनी कुंडीत ओतली. कापड रंग पितं, तर झाड का नाही पिणार? सकाळी पानं मलूल झाली. संध्याकाळी झाड माती धरून आडवं पडलं होतं, आणि ती कळी होती तशीच गुलाबी. पन्नाशी उलटलेला, गल्लीभर ज्याच्या कसबाची वाखाणणी व्हायची तो माणूस मेलेलं झाड वर्तमानपत्रात गुंडाळून इकडेतिकडे बघत कचऱ्यात टाकत होता. आपण किती खाली आलो हे त्यांना त्या क्षणी स्पष्ट दिसलं. काजळीला त्यांनी सांगितलं की कुंडी मांजरानं पाडली.

मग अंगण फुललं.

त्या दिवशी काजळी दुपारीच घरी आली. ती ना ओरडली, ना रडली. मागच्या खोलीतलं स्टूल ओढून बसली. बाहेर गल्ल्यावर आत्या बटण लावत होती, तिची सुई थांबली.

"सगळी गुलाबी," काजळी म्हणाली. "एक काळं नाही, बाबा. एकसुद्धा नाही. बाई म्हणाल्या, हे तर केकवरच्या फुलांसारखं दिसतंय. मागची बाग त्या दुसऱ्या कुणाला देतायत. बरोबर आहे त्यांचं."

"बरोबर कसं? तू किती..."

"चूक माझीच आहे. निम्मी जरी गुलाबी आली असती तरी समजण्यासारखं होतं. सगळीच म्हणजे बी मुळातूनच बिघडलंय. पिशवी कुठंतरी सैल बांधली गेली असणार. चार वर्षं मी स्वतःला फार शहाणी समजत होते. मला दिसतं, मला कळतं. कसलं काय."

तिनं फळीवरची बियांची बरणी काढली. तळाशी उरलेलं, तपकिरी धुळीसारखं बी. झाकण उघडून ती मोरीकडे गेली आणि तिनं नळ सोडला.

काकांनी तिचं मनगट धरलं. पोर मोठी झाल्यापासून त्यांनी तिला असं धरलं नव्हतं.

"बी चांगलं आहे," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "काळी रोपं होती. निम्मी तरी होती. मी उपटली. जांभळ्या देठाची सगळी मीच काढली."

नळ चालूच होता. काजळी त्यांच्याकडे बघत राहिली, आणि काय आश्चर्य, तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. बी बिघडलं नव्हतं. चार वर्षं फुकट गेली नव्हती.

"अहो बाबा, मग आधी नाही का सांगायचं?" तिनं नळ बंद केला. "आजारी वाटली असतील तुम्हाला. कुणालाही वाटतील. माझंच चुकलं, फोनवर नीट सांगायला हवं होतं. चुकून झालं, एवढं काय?"

किती सोपं होतं. 'हो' म्हणायचं की संपलं. ती स्वतःच वाट मोकळी करून देत होती, वर त्यांचीच समजूत घालत होती. काकांना तिच्या नखांकडे बघवेना. त्यांच्यातल्या सगळ्या भित्रेपणानं 'हो' म्हणण्यासाठी तोंड उघडलं. पण आताही खोटं बोललो तर ही आयुष्यभर स्वतःलाच दोष देणार, हे त्यांना कळलं.

"पहिला ट्रे चुकून झाला," ते म्हणाले.

काजळीच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. जरा वेळ तिथंच राहिलं, काय करावं न कळून.

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कळून."

"का?"

त्यांनी पुष्कळ शोधलं. आकाशी ड्रेसचं सांगावंसं वाटलं आणि सांगायची लाज वाटली. "वाटलं, जरा चारचौघांसारखं होईल," ते एवढंच म्हणाले.

"फुलांचं?"

काकांनी मान खाली घातली. तिला उत्तर मिळालं होतं.

काजळीनं बरणीचं झाकण घट्ट लावलं. मग कोपऱ्यातले रिकामे ट्रे गोळा करून एकात एक घातले, मातीची पिशवी खांद्याला लावली. काका मधे आले.

"कुठं नेतेस? इथंच पेर. मी हातसुद्धा लावणार नाही. वर तुझ्या खोलीत गारठा असतो, उगवायची नाहीत."

"उशिरा उगवतील," ती म्हणाली.

दोन्ही हात भरलेले म्हणून ते दार धरायला पुढे धावले. तोवर तिनं ते खांद्यानं ढकलून उघडलं होतं. गल्ल्यावर आत्या बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. काकांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं दोरा दातानं तोडला आणि पुढचा शर्ट घेतला.