दोन बोटांचं सेटिंग

भोईवाड्यात कोर्टाच्या मागच्या गल्लीत सिल्वेस्टर अंकलचं गॅरेज आहे, आणि जुन्या बुलेटवाल्यांमध्ये अंकलच्या दोन बोटांना जवळजवळ देवस्थानाचा मान होता. इंजिनाच्या पोटात कॅम, म्हणजे उंचवटा असलेली चकती, फिरतो, तो पुशरॉड नावाची लांब काडी वर ढकलतो, काडीने व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग तो परत मिटवते. काडी घट्ट बसली तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, सैल राहिली तर इंजिन खडखडत राहतं. बरोबर किती, ते मापाच्या गेजने नव्हे, बोटांनी कळतं. अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरली की काडी अलगद फिरायला हवी, पण वर-खाली हलता कामा नये. अंकल हे डोळे मिटून करत, आणि गिऱ्हाइकं बूट काढल्यासारखी गप्प उभी राहत.

मनालीही अकरा वर्षं तशीच उभी राहत आली होती. नायगावच्या बीडीडी चाळीतली ही मुलगी आयटीआय करून आली, तेव्हा लोकांनी अंकलना वेड्यात काढलं होतं. अंकलनी कुणाचं ऐकलं नाही. "पोरीला कान हाय," एवढंच म्हणाले आणि तिच्या हातात पाना दिला. ती त्यांच्या मिठाला जागणारी होती. सगळं पाप तिथूनच सुरू झालं.

गेल्या महिन्यात ध्रुव नावाचा मुलगा जुनी बुलेट घेऊन आला. ठाकूरद्वारला राहणारा, बँकेत नोकरी, आणि डोक्यात कुठल्यातरी व्हिडिओने घातलेलं खूळ. व्हॉल्व्ह जास्त उंच उचलणारा नवा कॅम त्याने आधीच विकत घेतला होता.

"स्प्रिंगा सगळ्यात कडक टाका ना अंकल," तो म्हणाला. "एवढा भारी कॅम आहे."

"कडक टाकल्या तर तुझा भारी कॅमच झिजवून खातील. आन कंपनीच्या ठेवल्या तर हायवेला व्हॉल्व्ह मिटायला उशीर करील, तवर पिस्टन वर येऊन त्याला ठोकील. मग ये माझ्याकडं रडत."

अंकलनी तीन जोड्या बाकावर मांडल्या. ड्रिल मशीनखाली वजनकाटा ठेवला, एकेक स्प्रिंग त्याच्यावर उभी केली, आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर जितकी दबेल तितकी वरून दाबून किलो वाचले. प्रत्येक स्प्रिंग तीनदा. ध्रुव चुळबुळत होता, अंकलना फिकीर नव्हती. शेवटी त्यांनी मधली जोडी उचलली. "या. आन या ॲल्युमिनियमच्या काड्या काढ गो मनाली, एवढ्या जोराला वाकतील. स्टीलच्या घालू."

निवड अचूक होती. मनालीने मनातल्या मनात हिशोब केला होता, तिचंही बोट त्याच जोडीवर थांबलं होतं.

दुसऱ्या दिवशी इंजिन बांधून झालं, अंकलनी डोळे मिटून काड्या सेट केल्या, "देख, कशी लोण्यासारखी फिरते," म्हणाले आणि जेवायला घरी गेले. दुपारचं जेवण आणि मार्गारेट आंटीच्या धाकाखालची अर्ध्या तासाची झोप, हा त्यांचा नेम. मनालीने झाकण उघडलं. काडी फिरतच नव्हती. आवळून बसली होती. तिने पाना घेतला, पाव फेरा सैल केला, स्वतःच्या अंगठ्या-तर्जनीत धरून पाहिलं आणि झाकण लावलं.

हे ती दोन वर्षं करत होती.

पहिल्यांदा केलं तेव्हा वाटलं, माणूस आहे, चुकला असेल. पुढच्या गाडीलाही तेच. मग तिच्या लक्षात आलं की अंकलना चहाचा ग्लास किती गरम आहे ते ओठाला लागल्यावर कळतं, हाताला नाही. तेव्हाच आंटीला सांगायला हवं होतं. पण सांगायचं काय? की तुमच्या नवऱ्याची बोटं गेली? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून ती गप्प बसली. आणि खरं सांगायचं तर तिला त्यात गोडीही लागली. गिऱ्हाईक अंकलच्या पाया पडायचं आणि मनाली कोपऱ्यात हात पुसत उभी राहून मनात म्हणायची, ते बोट माझं आहे. दयेच्या पदराखाली थोडा माजही होता, हे तिने स्वतःशीसुद्धा कधी कबूल केलं नव्हतं.

त्या दुपारी अंकल परत आले, ध्रुवने किक मारली, गाडी एका दमात चालू झाली. पाचेक मिनिटं इंजिन चालू दिल्यावर अंकल वाकून आवाज ऐकू लागले, आधाराला उजवा हात कुठेतरी टेकवून. मनालीला आधी वास आला. मग दिसलं. त्यांची बोटं सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपावर टेकली होती आणि ते खुशीत मान हलवत होते. तिने हात ओढला तेव्हा त्यांनीच तिला दटावलं, "काय गो, ऐकू तरी दे."

भाजल्यावर त्यांनी टूथपेस्ट चोपडली आणि फडकं गुंडाळलं. दुखत नव्हतं ना. दहाव्या दिवशी तर्जनी काळी पडली, तेव्हा आंटी त्यांना परळच्या हॉस्पिटलात घेऊन गेली.

मनाली पोचली तेव्हा डॉक्टर ऋता अंकलच्या खाटेशी उभ्या होत्या. साखर कित्येक वर्षं वाढलेली, कुणी तपासलेलीच नाही. तर्जनी आज काढली तर बाकीचा हात वाचेल, थांबलात तर पंजाची खात्री नाही, असं त्या दुसऱ्यांदा समजावत होत्या. अंकल सही करायला तयार नव्हते.

"माझ्या बोटांना सगळं कळते डॉक्टर. भाजलेली जखम हाय, भरेल."

डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावले आणि कापूस हातात घेतला. लागला की सांगा, म्हणाल्या. "लागला," अंकल म्हणाले. "लागला. आता पण लागला." कापूस अजून डॉक्टरांच्या हातातच होता. आंटीने तोंड फिरवलं.

"ही माझी मेकॅनिक," अंकल डोळे उघडून म्हणाले. "हिला इचारा. धा दिवसांमागं एका पोराच्या बुलेटीला कॅम घातला, काड्या मी या बोटांनी सेट केल्या. एका किकला चालू. बोटं मेली असती तर झालं असतं काय? सांग गो यांना."

सगळे मनालीकडे बघू लागले. दोन वर्षांपूर्वी एक गाडी बिघडू दिली असती, एका गिऱ्हाइकाने शिव्या घातल्या असत्या, तर हा माणूस त्याच आठवड्यात डॉक्टरकडे गेला असता. तिने एकही गाडी बिघडू दिली नाही. बोट पाइपाने जाळलं नव्हतं, ते तिने घालवलं होतं.

"काड्या मी सेट केल्या अंकल," ती म्हणाली. "तुम्ही जेवायला गेल्यावर. तुमच्या आवळून बसल्या होत्या."

अंकल हसले. मग हसायचे थांबले.

"त्या एका गाडीच्या?"

"नाही. सगळ्या. दोन वर्षं."

आंटी खुर्चीत बसली. बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. अंकल आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले, दुसऱ्या कुणाचा हात आपल्या मांडीवर ठेवलेला असावा तसे. मनालीला वाटलं, आता शिव्या देतील. तिला शिव्या हव्या होत्या. दोन सणसणीत शिव्या मिळाल्या असत्या तर रडता तरी आलं असतं.

त्यांनी कागद मागितला. डाव्या हाताने कशीबशी सही केली आणि पेन तिच्याकडे दिलं. डॉक्टर निघून गेल्या.

"आन स्प्रिंगा?" त्यांनी विचारलं. "त्या पण बदलल्यास?"

"नाही अंकल. देवाशप्पथ. तुम्ही काढलेल्या मधल्याच आहेत. मी हात नाही लावला. तुमचं माप बरोबर होतं, मी पण तीच जोडी धरली होती मनात."

अंकलनी मान हलवली, डाव्या हाताने तिच्या खांद्यावर थोपटलं आणि मघाशी डॉक्टरांना "लागला, लागला" म्हणताना होता त्याहून मऊ आवाजात म्हणाले, "असू दे गो. आता मला बरं वाटावं म्हणून नको बोलू."