सुनंदाची सीट

आमच्या घरात गाडी सुनंदा चालवायची. मी नाही. तिच्या माहेरी गाडी होती, त्यामुळे ती लग्नाआधीच शिकून आली होती. मी लग्नानंतर एकदा शिकायला गेलो, ऑपेरा हाऊसजवळ गाडी फुटपाथवर चढवली आणि जो उतरलो तो उतरलोच. तेव्हापासून मी डावीकडच्या सीटवर. डावी बाजू बघायची हे माझं काम.

"अहो, डावीकडे?" ती विचारायची.

"साफ," मी म्हणायचो.

डावीकडे वळायचं असलं की खिडकीतून हात मी बाहेर काढायचा. फियाट जुनी होती. तिचे इंडिकेटर मनात आलं तर लागायचे.

गिरणी संपाच्या वर्षी पावसाळा सरला आणि सुनंदा गेली. परळच्या हॉस्पिटलात ॲडमिट व्हायला जाताना गाडी तिनंच चालवली होती. ठाकूरद्वारहून परळपर्यंत. मी शेजारी, तिच्या कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन. त्यानंतर गाडी तिथेच आवारात उभी होती. सगळं झाल्यावर आमच्या इमारतीतल्या मीनाक्षीनं ती घरी आणून लावली. मीनाक्षीही सुनंदासारखीच ठेंगणी, तिला सीट हलवावी लागली नाही. सुनंदानं ठेवली होती तिथेच ती राहिली, स्टीअरिंगच्या चाकाच्या अगदी जवळ.

दिवसकार्य झाल्यावर मुलगा, बंडू, पुण्याला परत जाताना म्हणाला, "बाबा, गाडी विकून टाकू. उभी राहून सडेल."

"मी ड्रायव्हर ठेवतो," मी म्हणालो.

"तुम्ही? तुमचं कोणाशी पटणार?"

"बघू."

"गुढीपाडव्यापर्यंत कोणी टिकला नाही, तर मी येऊन विकणार. चालेल?"

चालेल म्हणालो. दुसरं काय म्हणणार. मला ऑफिसला बसनं जाता आलं असतं, संबंध जन्म लोक जातात. पण गाडी विकली की डावीकडची सीटही गेली, आणि मग मी कुठे बसायचं हे मला कळत नव्हतं. बंडूला हे सांगता येईना.

पहिला ड्रायव्हर आला, दार उघडून बसला आणि बसल्याबरोबर सीट मागे सारायला सीटखालच्या कडीला हात घातला. मी म्हणालो, हात लावू नका. तो हसला, म्हणाला, "साहेब, मी काय मांडी घालून चालवू?" त्याला तिथल्या तिथे नको म्हणालो. दुसऱ्याला आधीच सांगितलं. तो दोन दिवस तसाच बसला, तिसऱ्या दिवशी आलाच नाही.

आमच्याकडे रखमा मासळी घेऊन यायची, वरळी कोळीवाड्यातली. आम्ही पाठारे प्रभू, आमचं मासळीवाचून चालत नाही, आणि सुनंदाचं रखमावाचून चालत नसे. दोघी जिन्यात बसून पापलेटाचे कल्ले उघडून भांडायच्या आणि मग चहा प्यायच्या. सुनंदा गेल्यावरही रखमा येत राहिली. भांडायला कोणी नव्हतं म्हणून घासाघीस न करता मासळी द्यायची. त्याचं मला जास्त वाईट वाटायचं.

ड्रायव्हरची गोष्ट तिच्या कानावर गेली.

"भाऊ, तुमी मानूस बगता का सीट बगता?"

"सीट हलवायची नाही. बाकी कसाही चालेल."

रखमानं मासळीवर फडकं टाकलं. मग टोपली उचलताना म्हणाली, "माज्या बहिणीचा पोर हाय. रामचंद्र. गिरणीत साच्यावर होता, कापड विनायचा, आता संपावर. मधी भाऊच्या धक्क्यावरनं मासळीचा टेम्पो चालवायचा. आनू?"

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन आली. मी बघितलं आणि मनात म्हटलं, संपलं. सहा फुटी माणूस. तिशीचा, खांदे रुंद, गुडघे तर गाडीच्या दारापर्यंत येतील असे.

मी त्याला सीटचं सांगितलं. का ते सांगितलं नाही. मावशीनं सांगितलं असावं, कारण त्यानं विचारलं नाही.

"चालेल साहेब. माझं पण एक आहे. आधीच बोलतो, मागून कटकट नको."

"बोल."

"मी गाडी गिरणीच्या दरवाज्यातून आत घालणार नाही. कुठल्याच गिरणीच्या."

मी लोअर परळच्या एका गिरणीत हिशेबखात्यात होतो. कामगार बाहेर होते, पण आम्हा ऑफिसातल्या लोकांना जावं लागे. काम नसे. जाऊन बसायचं, पंखा फिरताना बघायचा. रामचंद्रची गिरणी वेगळी होती, पण त्या वर्षी सगळ्या दरवाज्यांचा अर्थ एकच होता. आत गेला तो संपातून फुटला. साच्यावर गेला का चाकावर, हे कोणी विचारत नव्हतं. ते मला माहीत होतं.

"मी कोपऱ्यावर उतरत जाईन," मी म्हणालो.

"मग मी उद्यापासून येतो."

त्याची एक अट, माझी एक अट. पगाराचं बोलणं त्यानंतर झालं, आणि तेवढा वेळ लागला नाही.

पहिल्या दिवशी त्यानं मागचं दार उघडून धरलं. मी वळसा घालून पुढे डावीकडे बसलो. तो जरा घोटाळला. मग स्वतः आत शिरला. शिरला म्हणजे दुमडला. गुडघे चाकाच्या दोन्ही बाजूंना वर आले. त्यानं काही तक्रार केली नाही, गाडी चालू केली. हात चांगला होता. मासळीचा टेम्पो चालवणारा माणूस गाडीला हिसके देत नाही, दिले तर बर्फ सांडतो.

सात रस्त्याच्या नाक्यावर मी सवयीनं म्हणालो, "डावीकडे साफ."

त्यानं माझ्याकडे बघितलं. पुढच्या वळणावर मी हात बाहेर काढला. ते मला थांबवता येईना.

डिलाईल रोडला आमच्या गिरणीच्या गल्लीच्या तोंडाशी एक चहावाला होता. संपावरची माणसं तिथे बसलेली असत, त्यात रामचंद्रच्या ओळखीची बरीच. त्यांनी तिसऱ्या दिवशीच पकडलं.

"ए राम्या! तुझा क्लीनर लय भारी रे, टाय लावून बसतो!"

"हात पण दाखवतो बघ. ट्रेनिंग चालू आहे काय?"

"पुढच्या महिन्यात पर्मनंट करणार का त्याला?"

रामचंद्रचे कान लाल झाले. मी खाली उतरलो, दार लावलं आणि म्हणालो, "अजून कच्चा आहे. बघू." ते सगळे खो खो हसले. एकानं चहा पुढे केला. मी टाय सांभाळत उभ्यानं प्यायलो आणि दरवाज्याकडे चालत गेलो.

त्यानंतर रोज तसंच. गाडी चहावाल्यापाशी थांबायची, मी उतरून चालत आत जायचो. संध्याकाळी तो तिथेच असायचा. ती माणसं गाडीला राम्याची गाडी म्हणायची. माझं नाव त्यांना माहीत नव्हतं. क्लीनर म्हणायचे.

दिवाळी गेली, नाताळ गेला. रखमा एकदा जिन्यात म्हणाली, "भाऊ, पोराचे गुडघे सोलटले. त्याची बायको मंजुळा तेल लावते रात्री." मी ऐकून घेतलं. सीटचं बोलायला माझं तोंड उघडेना. रामचंद्रही बोलला नाही. मी माझा शब्द पाळत होतो, तो त्याचा.

बंडूचं पत्र आलं की मी लिहायचो, ड्रायव्हर टिकला आहे.

पुढच्या वर्षी जानेवारीत शामरावांनी मला केबिनमध्ये बोलावलं. शामराव आमचे मॅनेजर. आम्ही एकाच वर्षी लागलो होतो, त्यामुळे माझ्याशी एकेरीत.

"मनमोहन, परवा गिरणीतलं एक खातं चालू करतोय. काही कामगार यायला तयार आहेत. पायी आले तर दरवाज्यावर मार खातील. ऑफिसरांच्या गाड्यांतून आणायचे, परळच्या हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीतून घेऊन. पोलीस असतील. तुझ्या फियाटमध्ये मागे तिघं बसतील."

"माझा ड्रायव्हर आत येत नाही."

"येत नाही म्हणजे? ड्रायव्हर ठेवलायस का जावई?"

"त्याची अट आहे. मी मान्य केली आहे."

"बरं बाबा, त्याला सुट्टी दे एक दिवस. आपला कुशाबा चालवेल. मग तर झालं?"

मला वाटलं, मग तर झालं. रामचंद्र गाडीत नसला की त्याचा शब्दही राहिला आणि माझी नोकरीही. दोन वर्षं राहिली होती निवृत्तीला. मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी घरी परतताना मी त्याला सांगितलं. तो गाडी चालवत होता. मुंबई सेंट्रलच्या सिग्नलला थांबल्यावर म्हणाला,

"साहेब, गाडी ओळखतात."

"पण तू नसशील ना आत. कुशाबा चालवणार. गाडीत कोण बसलंय ते लोकांना दिसेल की."

"कोण बघतो? राम्याची गाडी आत गेली, एवढंच बोलतील. माझा मेव्हणा डिलाईल रोडला चाळीत राहतो. मंजुळा त्याच चाळीतून आली आहे. उद्या ती माहेरी गेली तर तिला नळावर कोणी पाणी भरू देणार नाही."

"एका दिवसाचा प्रश्न आहे रे."

"एकाच दिवसाचा असतो साहेब."

तो चिडला नव्हता, म्हणून मला जास्त जड गेलं. घराखाली त्यानं गाडी लावली, काचा वर केल्या, पुसायचं फडकं धुऊन वाळत घातलं. मग चावी माझ्या हातात दिली.

"उद्या जाणार असेल गाडी, तर परवापासून मी येत नाही. गाडी राहिली तर मावशीकडे निरोप द्या."

रात्री मी नीट जेवलो नाही एवढंच सांगतो. पाडवा तीन महिन्यांवर होता. रामचंद्र गेला तर गाडी जाणार हे मला दिसत होतं. पण शामरावांना नाही म्हणायचं कसं, तेही दिसत नव्हतं. सुनंदा असती तर तिनं विचारलंच नसतं, सरळ सांगून टाकलं असतं. पण ती असती तर हा प्रश्नच आला नसता.

सकाळी उजाडता उजाडता कुशाबा आला. कंपनीचा जुना ड्रायव्हर, चांगला माणूस. मी चावी दिली आणि वळसा घालून डावीकडे बसलो. तो दार उघडून आत बसायला गेला तर पोट चाकाला अडकलं.

"अरे बापरे! इथं कोण बसतं?" म्हणाला, आणि मी काही बोलायच्या आत त्यानं खाली हात घालून कडी ओढली. सीट खाडकन मागे गेली. खालून गंजाची पूड पडली.

त्याची काही चूक नव्हती. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. कुशाबानं आरसा खाली केला, चावी लावली.

तू आत नसशील ना, असं मी काल रामचंद्रला म्हणालो होतो. सुनंदाही आत नव्हती.

"कुशाबा, उतरा," मी म्हणालो.

"काय झालं साहेब?"

"गाडी जाणार नाही."

"बंद आहे काय? चालू तर होईल..."

"बंद नाही. मला न्यायची नाही. तुमचं काही चुकलं नाही."

तो उतरला. डोकं खाजवत म्हणाला, "शामरावसाहेबांना काय सांगू?"

"मी येतोय. मीच सांगतो."

बसनं गेलो. गल्लीच्या तोंडाशी त्या दिवशी पोलिसांच्या गाड्या होत्या, चहावाला बंद होता. माणसं मात्र होती, पलीकडच्या फुटपाथवर उभी. माझ्याकडे बघत होती. कोणी क्लीनर म्हणालं नाही. दुसऱ्या ऑफिसरांच्या तीन गाड्या आत गेल्या तेव्हा मोठा आरडाओरडा झाला. त्यात फियाट नव्हती ते त्यांनीही बघितलं.

शामराव उभेच होते. "तिघं जण त्या गल्लीत वाट बघत उभे राहिले, मनमोहन. तुझ्या भरवशावर."

"परवा हो म्हणायला नको होतं मी," मी म्हणालो. "आज नाही म्हणतो."

"मग घरीच बस."

मला रजेवर पाठवलं. रजा संपल्यावर त्यांनी बोलावलं नाही आणि मीही विचारायला गेलो नाही. पुढे गिरणीत कामगार थोडे थोडे परत आले, बरेचसे आलेच नाहीत. संप संपला असं कोणी येऊन सांगितलं नाही. रामचंद्रची गिरणी तर उघडलीच नाही.

पण त्या दिवशी मी ऑफिसातून निघालो तो सरळ घरी आलो आणि रखमाची वाट बघत जिन्यात बसलो. ती आली तेव्हा म्हणालो, "गाडी गेली नाही. रामचंद्रला सांग."

"त्याला ठावं हाय," रखमा म्हणाली. "सकाळी तितंच उबा होता, पलीकडं."

दुसऱ्या दिवशी तो नेहमीच्या वेळेला आला. चावी घेतली, फडक्यानं काच पुसली, दार उघडलं आणि थांबला. सीट मागे होती. त्यानं माझ्याकडे बघितलं. मग वाकून कडीला हात घातला, आणि सीट हळूहळू पुढे ओढू लागला. एक खाच, दुसरी खाच. सुनंदाची खाच कुठली ते त्याला पाठ होतं. माझ्यापेक्षा जास्त.

"रामचंद्र," मी म्हणालो, "राहू दे."

"आणतो साहेब, जागेवर आणतो."

"नको. तुला बसायचं आहे. मागे घे."

तो वाकलेलाच राहिला. "नक्की?"

"घे."

त्यानं घेतली. आत बसला, पाय लांब केले. गुडघे पहिल्यांदाच चाकाखाली राहिले. मी माझ्या जागी बसलो. तो आता माझ्यापेक्षा बराच मागे होता. बोलायचं तर मान वळवावी लागणार होती. सुनंदाकडे बघायला कधी वळवावी लागली नाही.

"ऑफिसला?" त्यानं विचारलं.

"ऑफिस नाही आता."

"मग?"

मी विचार केला नव्हता. शुक्रवार होता. शुक्रवारी सुनंदा दादरला भाजीला जायची, आणि येताना परळला कुठल्या तरी मैत्रिणीकडे थांबायची.

"दादरला चल," मी म्हणालो. "डिलाईल रोडवरनं."

त्यानं गाडी बाहेर काढली. फाटकापाशी थांबला, डावीकडे बघायला म्हणून पुढे झुकला. सीट मागे गेल्यानं त्याला तिकडचं नीट दिसत नव्हतं.

"साहेब, डावीकडे?"

मी मान बाहेर काढून बघितलं. एक हातगाडी येत होती. ती जाऊ दिली.

"साफ," मी म्हणालो आणि हात बाहेर काढला.